पाटी आणि संकेतस्थळ

कन्नडमधल्या एका पाट्या रंगवणाऱ्या काकांसाठी मी संकेतस्थळ तयार केले. फ्लेक्स आल्यापासून त्यांचा ब्रश सुकल्यातच जमा आहे. मी मोठ्या हौसेने इंग्रजी मजकूर, सरकती चित्रे, वर पार्श्वसंगीतही घातले. काका म्हणाले, "बाळा, फोन नंबर कुठंय?" मी ओशाळलो. पाटी धावत्या एस.टी.तून वाचता आली पाहिजे, हा त्यांचा हिशेब! टिम बर्नर्स-ली यांचे १९९१ चे पहिले संकेतस्थळही निव्वळ अक्षरांचेच होते. २०१४ पासून तर '.भारत' असा देवनागरी पत्ताही मिळतो. मग आमच्या कलावंतांनी, भजनी मंडळांनी, शिंप्यांनी इंग्रजीचा उसना कोट का चढवावा? मी सारे पुसून मराठीत नाव, नमुने आणि नंबर एवढेच ठेवले. दराची जागा अजून रिकामी आहे. काका म्हणतात, गिऱ्हाईक पाहून सांगू.