सूर्याचा वारा हवामानाच्या चौकटीत यायला हवा

नामपूर परिसरात कांद्याची चाळ बांधायची म्हटली की आधी वाऱ्याची दिशा पाहतात. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर उभारली की पश्चिमेचा वारा आडवा शिरून पलीकडून निघतो. तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजूच्या पट्ट्यांमध्ये फटी सोडलेल्या असतात. उन्हाळ कांदा चाळीत भरला की मोसम खोऱ्यातल्या शेतकऱ्याचा जीव पुढचे काही महिने हवेत अडकलेला असतो. वारा पडला, दमटपणा कोंडला, की खालच्या थरातून वास येऊ लागतो. वाऱ्याच्या बदलाची एवढी बारीक जाण असलेल्या माणसांना आणखी एका वाऱ्याची रोजची खबर मिळायला हवी. तो वारा सूर्याकडून येतो.

हवेशी त्याचा संबंध नाही. सूर्याच्या बाह्य वातावरणातून, म्हणजे किरीटातून, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि थोडी हेलियमची अणुकेंद्रके सतत बाहेर वाहतात. पृथ्वीजवळ तो इतका विरळ असतो की एका घन सेंटीमीटरमध्ये जेमतेम पाच-सात कण सापडतात, पण वेग सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर. युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये हे गणिताने मांडले तेव्हा परीक्षकांनी निबंध नाकारण्याची शिफारस केली होती. नियतकालिकाचे संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तो तरीही छापला. चार वर्षांनी शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर-२’ यानाने वाटेतच हा वारा महिनोन्महिने मोजला. त्या नोंदींत संथ आणि वेगवान प्रवाह आलटून पालटून येत होते, आणि वेगवान प्रवाह साधारण २७ दिवसांनी पुन्हा भेटत होते. पृथ्वीवरून पाहता सूर्याला स्वतःभोवती फिरायला तेवढेच दिवस लागतात. सूर्यावरच्या ज्या भागातून झोत सुटतो, तो भाग फिरून पुन्हा आपल्यासमोर येतो.

हे भाग म्हणजे किरीटातली विवरे. तिथे चुंबकीय रेषा वळून परत सूर्याकडे न येता अवकाशात मोकळ्या सुटतात, म्हणून वाऱ्याला अडवणारे काही नसते. ‘युलिसिस’ यान १९९४-९५ मध्ये सूर्याच्या ध्रुवांवरून गेले, तेव्हा तिथला वारा सेकंदाला सुमारे ७५० किलोमीटर वेगाने, जवळजवळ एकसारखा वाहताना दिसला. विषुववृत्ताच्या पट्ट्यातला वारा मात्र संथ आणि लहरी. वेगवान झोत पुढच्या संथ वाऱ्याला गाठून दाबतो, तिथे घनता वाढते आणि पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला हिसका बसतो.

हा वारा किती बदलू शकतो, ते ११ मे या एकाच तारखेने दोनदा दाखवले. ११ मे १९९९ रोजी तो जवळपास नाहीसाच झाला. ‘एस’ आणि ‘विंड’ या यानांना नेहमीच्या तुलनेत दोन टक्क्यांहून कमी घनता आढळली आणि दाब उतरल्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय कवच पाच-सहा पट फुगले. बरोबर पंचवीस वर्षांनी, १० आणि ११ मे २०२४ रोजी, नेमके उलटे घडले. सूर्यावरून एकामागून एक उसळलेले द्रव्याचे लोट पृथ्वीवर आदळले आणि २००३ नंतरचे सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ झाले. लडाखमधल्या हानले येथील कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल प्रभा टिपली. अमेरिकेत मक्याच्या पेरणीचा हंगाम होता. जीपीएसवर चालणाऱ्या पेरणी यंत्रांच्या ओळी चुकल्या आणि अनेकांना काम थांबवावे लागले.

मराठी शेतकऱ्याने कान टवकारावेत ते इथे. सौरवाऱ्याने चाळीतला कांदा सडत नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. पण शेतीत जीपीएस शिरले आहे. महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याची केंद्राची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. फवारणीचा ड्रोन उपग्रहांच्या संकेतांवरच आपली जागा ओळखतो. हे संकेत वरच्या वातावरणातल्या ज्या आयनांबरातून येतात, ते भारताच्या अक्षांशांवर मुळातच अस्थिर असते, सूर्यास्तानंतर तर जास्तच. त्यात वादळ आले तर चूक वाढते.

नोंदी ठेवण्याची परंपरा तर महाराष्ट्राच्या घरचीच. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकपट्टीचे वाचन डोळ्यांनी चालले होते. एरवी तासाला एक नोंद. वादळ उठताच ती पंधरा, कधी पाच मिनिटांवर आली. त्या चिकाटीमुळेच चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याचा आकडा जगाकडे आहे. पुढे विजेच्या ट्रामचा अडथळा नको म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला गेली. तिथे आजही मोजणी चालते.

त्याच तारखेला, २ सप्टेंबर २०२३ रोजी, ‘आदित्य-एल१’ हे इस्रोचे सूर्याचा अभ्यास करणारे यान निघाले. आता ते पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर आहे. त्यावरचे अतिनील दुर्बीण-यंत्र ‘सूट’ पुण्याच्या ‘आयुका’ने घडवले; वाऱ्यातले प्रोटॉन आणि हेलियम वेगवेगळे मोजणारे ‘अ‍ॅस्पेक्स’ अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे. सेकंदाला ४०० किलोमीटरचा वारा या यानापासून पृथ्वीवर यायला सुमारे तासभर घेतो, ८०० चा अर्धा तास. इशाऱ्याला वेळ एवढाच. २७ दिवसांनी परतणाऱ्या झोताची चाहूल मात्र कितीतरी आधी लागते.

इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये या मोहिमेची माहिती सर्वांसाठी खुली केली. जनतेच्या पैशातून मोजलेला आकडा जनतेच्या भाषेत पोचला पाहिजे. वृत्तपत्रांच्या हवामानाच्या चौकटीत तापमान आणि पावसाशेजारी सौरवाऱ्याचा वेग छापायला एक ओळ लागते. आकाशवाणीच्या शेतीविषयक कार्यक्रमात वादळाच्या दिवशी ‘आज ड्रोन आणि जीपीएसची कामे जपून करा’ एवढे सांगायला दहा सेकंद. शाळांचे काम त्याहून सोपे. नामपूरच्या एखाद्या वर्गात भिंतीवर आलेखाचा लांब कागद चिकटवून मुलांनी रोज एक ठिपका द्यावा. एखादे मोठे विवर टिकून असले, तर दुसऱ्या महिन्यात सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास ठिपके पुन्हा वर चढू लागतील, आणि त्या चढणीवर बोट ठेवून मुलांना सांगता येईल की सूर्याची एक फेरी पूर्ण झाली.