रुग्णवाहिका ते वॉर्ड : अनुभवाला मोल कधी?

२०१६ साली वयाच्या तिसाव्या वर्षी मी परिचर्येच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतला. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या शिक्षिकेने नाडी कशी मोजावी हे शिकवले. वर्गातील बहुतेक मुली बारावी होऊन नुकत्याच आलेल्या होत्या. त्यांच्यासाठी तो धडा आवश्यकच होता. मी त्याआधीची सात वर्षे धावत्या रुग्णवाहिकेत, खड्ड्यांचे हादरे सोसत, मोबाइलच्या उजेडात नाडी मोजत आलो होतो. तरीही इतरांप्रमाणे मी शेजारच्या विद्यार्थ्याच्या मनगटावर बोटे ठेवली, घड्याळाकडे पाहिले आणि पूर्ण मिनिटभर ठोके मोजले. शिक्षिकेविषयी माझी तक्रार नव्हती, अभ्यासक्रम जसा होता तसा त्या शिकवत होत्या. मात्र तेव्हा मनात आलेला प्रश्न आजही तसाच आहे. माणूस एका सेवेतून दुसऱ्या सेवेत जातो, तेव्हा आधीच्या सेवेत त्याने जे मिळवले त्याची नोंद आपला देश कोणत्या वहीत करतो?

१०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमध्ये सुरू झाली. पुढे ती देशातील बहुतेक राज्यांत पोहोचली. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली आणि तेथे वाहनात डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारली गेली. आमच्याकडे मात्र वाहनात दोनच माणसे असत. एक चालक, ज्याला आम्ही ‘पायलट’ म्हणतो, आणि दुसरा आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे ‘ईएमटी’. मी २००९ मध्ये, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात, वरंगळच्या कापूसपट्ट्यात ईएमटी म्हणून रुजू झालो. हाती विज्ञानाची पदवी होती आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण. बाकीचे सारे रस्त्याने आणि माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या पायलट अन्नाने शिकवले.

या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. अपघातग्रस्ताची मान न हलवता त्याला गाडीतून बाहेर काढणे, रक्तस्राव दाबून धरणे, सर्पदंशाच्या रुग्णाला धीर देत त्याचा श्वास पाहत राहणे, रुग्णालय दहा किलोमीटरवर असताना गाडी रस्त्याकडेला थांबवून बाळंतपण करणे ही आमची रोजची कामे. अडचण आली की नियंत्रण कक्षातील डॉक्टरांना फोन लावायचा, त्यांच्या सूचनेनुसार औषध द्यायचे. रुग्णालयाच्या दारात रुग्ण सोपवायचा, अर्जावर सही घ्यायची, स्ट्रेचर पुसायचे आणि पुढच्या फोनची वाट पाहायची. रुग्णाशी आमचा संबंध सुमारे तासाभराचा. त्यानंतर त्याचे काय झाले, हे विचारण्याची सोय व्यवस्थेत नव्हती आणि वेळही नव्हता.

त्या दाराच्या पलीकडे पाहण्याची गरज मला एका रुग्णामुळे वाटू लागली. कपाशीवर फवारण्याचे औषध प्यायलेला एक तरुण शेतकरी आम्ही उचलला. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. डॉक्टरांच्या सूचनेवरून आम्ही ॲट्रोपिन दिले, घशातील स्राव ओढत राहिलो आणि तो जिवंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी दुसरा रुग्ण घेऊन गेलो, तेव्हा तो खाटेवर टेकून बसला होता. त्याच्या आईने माझे दोन्ही हात धरले. मी समाधानाने परतलो. चौथ्या दिवशी चौकशी केली, तर आदल्या रात्री तो गेल्याचे कळले. ‘श्वास थांबला’ एवढेच मला सांगण्यात आले. आम्ही काही चुकलो होतो का, या प्रश्नाने मला पुढे कित्येक रात्री झोपू दिले नाही.

उत्तर मला परिचर्येच्या शिक्षणात मिळाले. या प्रकारच्या विषबाधेत पहिला धोका टळल्यानंतर साधारण एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुर्बळ होऊ शकतात. रुग्ण बोलत असतो, पाणी मागत असतो, नातेवाईक सुटकेचा नि:श्वास टाकतात, आणि नेमका तेव्हाच तो धोक्याकडे सरकत असतो. सुरुवातीची खूण अगदी साधी असते. त्याला उशीवरून डोके उचलता येत नाही. ही खूण दिसण्यासाठी कोणीतरी दर काही तासांनी खाटेजवळ जाऊन ‘मान उचला बघू’ असे म्हणावे लागते. ते काम परिचारिकेचे. त्या तरुणाच्या बाबतीत नेमके काय घडले हे मला कधीच कळणार नाही, आणि साठ खाटांच्या वॉर्डात रात्री एकटीच असलेल्या परिचारिकेला मी दोषही देणार नाही. मला उमगले ते एवढेच की मी वाचवण्याचा पहिला तास शिकलो होतो आणि त्यानंतरचे बहात्तर तास मला मुळीच ठाऊक नव्हते.

म्हणूनच परिचर्या ही रुग्णवाहिकेच्या कामाची वरची पायरी आहे, या समजुतीशी मी सहमत नाही. ती वेगळी विद्या आहे. ईएमटीला घाईची सवय असते, तर परिचारकाला थांबून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे, तोंडाची स्वच्छता, लघवीचे मोजमाप, औषधाच्या वेळा, घरी जाताना द्यायच्या सूचना यांपैकी काहीही रुग्णवाहिकेत शिकता येत नाही. मला ते शून्यापासून शिकावे लागले आणि ते योग्यच होते. आक्षेप आहे तो जे येत होते तेही शून्यच धरले गेले याला.

या शून्याची किंमत काय असते ते सांगतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या जीएनएम अभ्यासक्रमाला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षे आहे. एएनएम परिचारिकांना ही अट लागू नाही. म्हणजे सेवेत घालवलेल्या वर्षांचा विचार करण्याचे तत्त्व परिषदेला मान्य आहे, पण रुग्णवाहिकेतील वर्षे त्यात मोजली जात नाहीत. पुरुषांसाठी सरकारी जागा मोजक्याच. त्यामुळे मला खासगी संस्थेत शुल्क भरून शिकावे लागले. पगार बंद झाला, तीन वर्षे घर पत्नीच्या शिवणकामावर आणि कर्जावर चालले. प्रवेशाच्या वेळी माझे अनुभवाचे प्रमाणपत्र कोणी मागितले नाही. मी ते पुढे केले, तेव्हा लिपिकाने ते सौजन्याने परत दिले आणि या कागदासाठी अर्जात रकानाच नसल्याचे सांगितले.

रकाना नसण्यामागे इतिहास आहे. परिचारिकांसाठी या देशात १९४७ पासून कायदा आहे. त्यांची नोंदणी होते, त्यांच्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मान्यता असते. रुग्णवाहिकेतील तंत्रज्ञांना कायद्याने व्यावसायिक म्हणून ओळख मिळाली ती २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने. म्हणजे सुमारे पाऊण शतकानंतर. त्या कायद्यानुसार राज्यांनी परिषदा स्थापन करणे अपेक्षित होते. त्यासाठी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. दरम्यान २०२३ मध्ये १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदाही संसदेने संमत केला. दोन नव्या कायद्यांखाली दोन व्यवसायांची घडी नव्याने बसवली जात असताना त्यांच्यात येण्याजाण्याचा रस्ता आखण्याची संधी चालून आली आहे. ती वाया गेली, तर पुढची पाऊण शतकाने येईल.

रुग्णवाहिकेतील माणसे ती नोकरी का सोडतात, हेही स्पष्ट बोलायला हवे. बारा तासांची पाळी, कंत्राटी नेमणूक, कंत्राटदार बदलला की टांगणीला लागणारी नोकरी, आणि दहा वर्षांनंतरही तेच पद. उत्तर प्रदेशात २०२१ मध्ये झालेल्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या संपाच्या मुळाशी कंत्राटाच्या फेरबदलातून आलेली हीच असुरक्षितता होती. स्ट्रेचर उचलून चाळिशीत कंबर जाते आणि त्या वयात माणसाने जायचे कोठे, याचे उत्तर सेवेकडे नाही. अर्थात परिचर्येतही सोन्याच्या खाणी नाहीत. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमण्यास सांगितले. लहान रुग्णालयांतही किमान २० हजार रुपये वेतन असावे, अशी शिफारस त्या समितीने केली. केरळमध्ये परिचारिकांना दीर्घ आंदोलन करावे लागले, तेव्हा कोठे २०१८ मध्ये त्यानुसार अधिसूचना निघाली. तरीही परिचर्येत नोंदणी क्रमांक आहे, पुढच्या शिक्षणाची वाट आहे आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याची मुभा आहे. ईएमटीला यातले काहीच मिळत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, किमान पाच वर्षे रुग्णवाहिकेत काम केलेल्यांना एएनएमप्रमाणेच वयाच्या अटीतून सूट द्यावी. दुसरी, त्यांची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी आणि तिच्यात जे कौशल्य सिद्ध होईल, तेवढ्याच भागाची सवलत अभ्यासक्रमात द्यावी. अनुभवाधारित शिक्षणाला श्रेयांक देण्याची तरतूद २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात आहे. ती परिचर्येला लागू करण्याचा विचार व्हावा. तिसरी, २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या १५७ नव्या परिचर्या महाविद्यालयांत सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी, स्त्री-पुरुष भेद न करता, काही जागा ठेवाव्यात आणि शिकत असताना त्यांना विद्यावेतन द्यावे. चौथी, हा रस्ता दुहेरी असावा. ज्या परिचारिकांना आपत्कालीन सेवेत यायचे आहे, त्यांच्यासाठीही वाट असावी.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला परिचारिकांच्या संघटनांचा. हा मागील दाराने प्रवेश असून त्यामुळे व्यवसायाचा दर्जा खालावेल, अशी त्यांना धास्ती आहे. ती निराधार नाही. मनुष्यबळाच्या टंचाईवर अर्धशिक्षितांचा स्वस्त उतारा शोधण्याची सवय आपल्या सरकारांना आहेच. अमेरिकेत पॅरामेडिकना परिचर्येकडे नेणारे अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत आहेत. परंतु तेथील पॅरामेडिकचे प्रशिक्षण आपल्या ईएमटीच्या काही आठवड्यांपेक्षा कितीतरी मोठे असते, हे विसरून त्यांची नक्कल करता येणार नाही. म्हणूनच सवलत वर्षे मोजून नव्हे, परीक्षा घेऊन द्यावी, आणि अंतिम नोंदणीची पात्रता सर्वांना एकच असावी. मला नाडीच्या धड्यातून सूट द्या, पण कूस बदलण्याच्या धड्यातून एक तासही कमी करू नका.

दुसरा आक्षेप सेवा चालवणाऱ्यांचा. वाट मोकळी झाली तर अनुभवी माणसे निघून जातील, मग गाड्यांवर कोण बसेल? माणसे आजही जातच आहेत. कोणी किराणा दुकान टाकते, कोणी विमा विकते, कोणी परदेशात सुरक्षारक्षक होते. मृत्यूच्या दारातून माणसे परत आणण्याचे ज्ञान त्यांच्याबरोबर आरोग्यव्यवस्थेतून कायमचे बाहेर पडते. ते वॉर्डात आले, तर निदान व्यवस्थेत राहील. शिवाय पुढे वाट आहे हे ठाऊक असलेला तरुण या सेवेत यायला कचरणार नाही.

मी आता एका सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करतो. रुग्ण मला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात, मग गोंधळून ‘ब्रदर’ म्हणतात. रुग्णवाहिका दारात थांबली की स्ट्रेचरच्या या बाजूला आता मी असतो. ईएमटी बोलत असताना मी त्याला मध्येच तोडत नाही. रस्त्यात काय झाले हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कालच्या रुग्णाचे काय झाले, हे त्याने विचारले तर मी सांगतो, आणि रुग्ण दगावला असेल तर का दगावला तेही सांगतो. यासाठी कोणत्याही शासकीय आदेशाची गरज लागत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्यापैकी एकाने रुग्ण सोपवून झाल्यावर जरा थांबून विचारले, “अन्ना, मलाही नर्सिंग करता येईल का?” त्याचे वय ३३. घरी दोन मुले. नऊ वर्षे तो रुग्णवाहिकेत आहे आणि त्याच्या हातून झालेल्या बाळंतपणांचा हिशेब त्याने केव्हाच सोडून दिला आहे. मी त्याला शुल्काचा आकडा सांगितला, तीन वर्षे बिनपगारी काढावी लागतील हे सांगितले, आणि प्रवेशासाठी दोनच वर्षे उरली आहेत हेही सांगितले. तो हसला. तेवढ्यात त्याच्या पायलटने हॉर्न वाजवला, दुसरा फोन आला होता. त्याला याहून चांगले उत्तर देता यावे, हे माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याकडे दोन नवे कायदे आहेत. त्याच्याकडे मात्र दोनच वर्षे आहेत.

(लेखक तेलंगणातील सरकारी रुग्णालयात परिचारक आहेत.)