सोळाशेच्या पुढे

अग्निवीर भरतीचे गणित आपल्या प्रशिक्षकांना तोंडपाठ आहे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले की ६० गुण, दहा बीम काढले की ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्समध्ये फक्त पास व्हायचे. भरती अकॅडम्या या शंभर गुणांभोवती फिरतात, त्यात गैर काही नाही. गुणच नसतील तर पुढचे बोलणे फोल. पण यादीत नाव आले की आपण पोराच्या गळ्यात हार घालतो, चौकात फ्लेक्स लावतो आणि त्याला विसरतो. पोरगाही पळणे सोडतो. सुगी, लग्नसराई, मित्रांच्या पार्ट्या यांत आठवडे जातात आणि मग तो एकदम रेजिमेंटल सेंटरच्या फाटकात उभा राहतो.

बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्री सेंटर असो की नाशिक रोडचे तोफखाना केंद्र, तिथे सोळाशेवर भागत नाही. २०२३ च्या पहिल्या अग्निवीरांनी ३१ आठवडे काढले. पीटी, ड्रिल, रगडा, वर बीपीईटी या लढाऊ शारीरिक चाचणीचे बूट-रायफलीसह पाच किलोमीटर.

दम काही आठवड्यांत वाढतो, हाडाला महिने लागतात. छाती तयार पण नडगी कच्ची असा पोरगा ईर्ष्येने पळतो आणि थोड्याच आठवड्यांत लंगडू लागतो. नडगीची आतली कड बोटाने दाबून पाहा. दुखणे वीतभर पसरलेले असेल तर बहुधा विश्रांतीने भागते. बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी ठणका असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा संशय धरून पळणे तिथेच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरकडे पाठवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ते अनेकदा दिसतच नाही, म्हणून ‘फोटो क्लिअर आहे’ यावर विसंबू नका.

नडगीसाठी पायाखालची जमीनही पाहा. आमच्या भोकरदनकडची काळी माती पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. पोरे मग डांबरीवर पळतात. मुरमाड कडपट्टी त्याहून बरी.

भोकरदनपासून जवळच, असईला, २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी वेलस्लीची फौज तीसहून अधिक किलोमीटर चालून आली आणि त्याच दुपारी शिंद्यांच्या तोफांसमोर उभी राहिली. त्या लढाईचे बाकी वाद बाजूला ठेवू. दमल्या पायांनी लढणे हे पायदळाचे काम तेव्हाही होते.

निकाल आणि रुजू होणे यांमधल्या काळात आठवड्याला दोनदा गप्पा मारता येतील अशा वेगाने लांब पळ द्या, एकदा बूट घालून, पाठीवर पाच किलो घेऊन चाल. वेग आणि वजन एकाच आठवड्यात वाढवू नका. खुराकाला भिजवलेले हरभरे, अंडी, दूध पुरे. पावडरीचे डबे विकणाऱ्या काही सहकाऱ्यांना हे रुचणार नाही, पण नाइलाज आहे. या जादा सरावाची फी निकालानंतर मागायला जीभ रेटत नाही हेही खरे. ती प्रवेशाच्या वेळीच ठरवून टाकलेली बरी.