फुकटचं हेल्मेट तुमच्या मापाचं असेल का?

पहिली बाईक घेतली तेव्हा हेल्मेटमध्ये गाल आवळले जायचे, म्हणून मी एक साईज मोठं घेतलं. तिथेच चुकलो. मान वळवली की ते हलायचं, आणि सैल हेल्मेट धडकेत डोक्यावर टिकेलच असं नाही.

जून २०२५ मध्ये केंद्राने नव्या दुचाकीसोबत दोन हेल्मेट देण्याच्या नियमाचा मसुदा काढला. हेतू चांगलाच आहे. पण माप कोण बघणार?

हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा ईपीएस फोम असतो. धडकेत तो दबून धक्का स्वतःवर घेतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातानंतर हेल्मेट बदलायचंच. गालाचं पॅडिंग मात्र वापराने सैलावतं. त्यामुळे सुरुवातीला गाल दाबले गेले तर चालेल, कपाळ दुखलं तर ते हेल्मेट नको.

१ जून २०२१ पासून आयएसआय मार्क बंधनकारक आहे, पण खोटे स्टिकरही मिळतात. मार्कखालचा सीएम/एल नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका आणि कंपनीचं नाव जुळतंय का बघा.

मापाचं हेल्मेट आणल्यावर मी ते घालून रोज अर्धा तास कोडिंग करायचो. रूममेट हसायचे. तिसऱ्या आठवड्यात ते काढायला विसरून थेट ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो!