जीएसटी घटला, मोठी गाडी स्वस्त झाली. पण गोसीखुर्दच्या कुटुंबाने नवी घ्यावी की जुनी?

गोसीखुर्दचं नाव बातम्यांमध्ये येतं ते बहुतेक वेळा पावसाळ्यात. धरणाचे ३३ दरवाजे उघडले, वैनगंगा फुगली, काठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. पण पवनी तालुक्यातल्या या भागात उरलेलं वर्षभर एक वेगळाच प्रश्न घराघरात असतो. सगळं घर एका गाडीत बसून नागपूरला कसं जाणार?

मोठा दवाखाना नागपूरला, लग्नाची खरेदी नागपूरला, पोरांचं कॉलेजही नागपूरला. अंतर शंभरेक किलोमीटर. एकेकाळी विदर्भात या प्रश्नाचं उत्तर ‘काळी-पिवळी’ होतं. आता आजी-आजोबा, दोन भाऊ, सुना आणि लेकरं असलेल्या घराला स्वतःची सात सीटची गाडी हवी असते. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला आणि ‘आता घेऊनच टाकू’ असं अनेकांना वाटू लागलं.

पण नवी घ्यायची की जुनी? हे ठरवताना शोरूमच्या बोर्डावरची किंमत सगळ्यात कमी कामाची आहे. कशी, ते बघू.

जीएसटीत नेमकं काय बदललं?

आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस, असा एकूण ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि सरळ ४० टक्के जीएसटी लागू झाला. दुसरीकडे, लांबी ४ मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत (पेट्रोलला १२०० सीसी) असलेल्या गाड्यांवर आता १८ टक्केच कर आहे.

गंमत इथेच आहे. स्कॉर्पिओ-एन, सफारी, फॉर्च्युनर, इनोव्हा क्रिस्टा या सगळ्या ४० टक्क्यांत मोडतात. पण बोलेरो आणि बोलेरो निओ या सात सीटच्या गाड्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर. ४ मीटरला ५ मिलिमीटर कमी! इंजिनही १४९३ सीसी. म्हणून त्या १८ टक्क्यांत बसतात. सीट तितक्याच, कर निम्म्याहून कमी.

अर्थात सीट मोजल्या म्हणजे झालं असं नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२४ मधल्या क्रॅश टेस्टमध्ये बोलेरो निओला ५ पैकी १ स्टार मिळाला होता. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ५ स्टार मिळाले, सफारीला २०२३ मध्ये ५. घरातली सगळी माणसं एकाच गाडीत बसणार असतील तर हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

खिशातून खरे किती जातात?

एक उदाहरण घेऊ. करापूर्वी १५ लाखांची मोठी डिझेल एसयूव्ही. जुन्या ५० टक्के कराने तिची शोरूम किंमत २२.५० लाख व्हायची, आता २१ लाख होते.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स. डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांवर १४ टक्के आणि २० लाखांपुढे १५ टक्के. म्हणजे २१ लाखांवर ३.१५ लाख. पूर्वी हाच टॅक्स ३ लाख ३७ हजार झाला असता. दोन्ही धरून बचत साधारण पावणेदोन लाखांची. विमा वगैरे मिळून गाडी रस्त्यावर येईपर्यंत मात्र आकडा २५ लाखांच्या जवळ जातो.

यात एक रक्कम परत मिळवता येते आणि ती बरेच जण सोडून देतात. १० लाखांपेक्षा महाग गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. इथे २१ हजार रुपये. हा तुमच्याच नावावर आगाऊ जमा झालेला आयकर असतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्यामुळे ज्यांचं दुसरं करपात्र उत्पन्न नाही त्यांना आयकर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मागता येते. विवरणपत्र भरलंच नाही, तर पैसे तिथेच राहतात.

हप्ता किती क्विंटल धानाचा?

समजा २५ लाखांपैकी ७ लाख रोख दिले आणि १८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षांसाठी घेतलं. महिन्याचा हप्ता साधारण २८,९६० रुपये. वर्षाचे सुमारे ३ लाख ४७ हजार.

आता हे धानात मोजू. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे फक्त हप्त्यापोटी वर्षाला जवळपास १४७ क्विंटल धान. त्यात बियाणं, रोवणी, खत, कापणी यांचा खर्च धरलेलाच नाही.

आता तीच गाडी चार-पाच वर्षं जुनी, ११ लाखांना मिळाली असं धरू. ३ लाख रोख, ८ लाख कर्ज. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर जास्त असतो, म्हणून १३ टक्के आणि मुदत ५ वर्षं. हप्ता सुमारे १८,२०० रुपये, वर्षाला ९२ क्विंटल धान.

डिझेल दोन्हीकडे सारखंच. लिटरला १२ किलोमीटर, डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये. वर्षाला १० हजार किलोमीटर फिरलात तर ७५ हजार.

धानाचे पैसे हंगामात येतात, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. काही वित्तसंस्था शेतकऱ्यांना सहामाही हप्त्याची सोय देतात. कर्ज घेताना हे विचारायला विसरू नका.

मोबदल्याचा पैसा आणि गाडी

गोसीखुर्दच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायला हवी. या प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. हजारो कुटुंबांची शेती आणि घरं पाण्याखाली गेली. वर्षानुवर्षांच्या आंदोलनांनंतर २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी ११९९.६० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं.

असा पैसा एकदाच येतो. जी जमीन गेली ती दरवर्षी पिकायची. गाडीचं उलट असतं. विमा कंपन्यांच्या प्रचलित तक्त्यात एक ते दोन वर्षं वयाच्या गाडीची किंमत २० टक्के घटलेली धरतात आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्के. बाजारात चांगली डिझेल एसयूव्ही याहून बरा भाव धरते, पण दिशा खालीच असते.

म्हणून जुन्या गाडीचा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो. पहिल्या चार वर्षांची घट दुसऱ्याने सोसलेली असते. शिवाय नव्या गाडीचा दर उतरल्याने जुनीचा दरही उतरायला हवा. ‘मी तर २६ लाखाला घेतली होती’ असं विकणारा म्हणाला, तर आजची नवी किती पडते तिथून बोलणी सुरू करा.

जुन्या गाडीने पाणी प्यायलंय का?

नदीकाठच्या माणसाला पाण्याची ताकद वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडलं गेलं आणि भंडारा शहरात वैनगंगा शिरली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये गाड्या बुडाल्या.

अशा गाड्या दुरुस्त होतात, धुऊन-पुसून पुन्हा विकल्या जातात. इंजिन चालू होतं, पण वायरिंग आणि सेन्सर काही महिन्यांनी दगा देऊ लागतात. आपल्याकडे जुनी गाडी बहुतेक नागपूरच्या बाजारातून येते, म्हणून हे तपासाच:

- सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ असेल, पण आत गुंडाळलेल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो.
- स्टेपनीची जागा, कार्पेटखालचा पत्रा आणि सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आहे का बघा.
- हेडलाइटच्या आत वाफ, केबिनमध्ये कुबट वास किंवा त्याउलट भडक अत्तराचा वास आला तर सावध व्हा.
- इंजिन ऑइल दुधाळ दिसतंय का बघा.
- विम्याची पॉलिसी मागा आणि त्यातला ‘नो क्लेम बोनस’ वाचा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो. चार-पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल, तर बहुधा आदल्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा खंडित झालाय. कशामुळे, ते विचारा.

‘दिल्लीची गाडी आहे, स्वस्तात मिळतेय’

सोशल मीडियावर अशा जाहिराती दिसतात. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे तिथल्या मालकांना गाडी काढून टाकायची घाई असते. भंडाऱ्याला मध्य प्रदेश आणि छत्तीसगडही जवळ, म्हणून तिकडच्या नंबरच्याही गाड्या येतात.

पण परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर नोंदणी इथली करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते आणि गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. हा टॅक्स किमतीत मिळवा आणि मग एमएच-३६ च्या गाडीशी तुलना करा. बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते.

कर्जाचंही बघा. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ शिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बोजा, विमा आणि गाडी कितव्या मालकाकडे आहे ही माहिती एमपरिवहन अॅपवर दिसते. थकीत चलनही तपासून घ्या.

नावावर करणं टाळू नका. खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओकडे अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यासाठीही हे तितकंच गरजेचं आहे. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. तुम्ही विकलेल्या गाडीची नोटीस तुमच्याच दारात येऊ शकते.

गावातल्या फेऱ्या आणि आजचं डिझेल इंजिन

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती जळून जायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर बराच वेळ एका वेगाने चालवावी लागते. रोज फक्त पवनीच्या बाजारापर्यंत जाणं-येणं असेल तर फिल्टर तुंबण्याच्या तक्रारी येतात आणि ते काम गावातल्या मिस्त्रीच्या हातचं नसतं. अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे गाडी घेण्याआधी विचारा.

आणखी एक इशारा. ‘लग्नसराईत भाड्याने देऊ, हप्ता निघेल’ हा हिशोब अनेक घरांत होतो. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणं नियमाविरुद्ध आहे. अशा फेरीत अपघात झाला तर विमा कंपनी नुकसानीचा दावा नाकारू शकते. धंदा करायचा असेल तर परवाना आणि पिवळी प्लेट घेऊनच करा.

मग काय घ्यावं?

आधी कॅलेंडर काढा आणि मागच्या वर्षी सहा-सात जण एकत्र किती दिवस फिरलात ते मोजा.

वीसेक दिवसच भरले तर मोठी गाडी भाड्याने आणणं परवडतं. दिवसाला ५ हजार धरले तरी वर्षाचा १ लाख. रोजच्या कामाला छोटी गाडी पुरते.

महिन्यातून चार-पाच वेळा सगळं घर निघत असेल, घरात आजारी माणूस असेल, तर तीन ते पाच वर्षांची, एमएच नंबरची, एका मालकाची आणि सर्व्हिसची नोंद असलेली जुनी एसयूव्ही सगळ्यात शहाणपणाची. मात्र एक-दीड लाख दुरुस्ती आणि टायरसाठी बाजूला ठेवूनच.

वर्षाला २० हजार किलोमीटरच्या वर चालणार असेल, पुढची दहा वर्षं विकायची नसेल आणि हप्ता धानाबाहेरच्या पक्क्या उत्पन्नातून जाणार असेल, तर नवी घ्या. कर घटल्याचा फायदाही खऱ्या अर्थाने तुम्हालाच.

आणि तिन्हींपैकी काहीही ठरलं, तरी गाडी बघायला जाताना घरातल्या आजीला सोबत न्या. मागच्या तिसऱ्या रांगेत तिला चढून बसता येतं का, ते शोरूमच्या दारातच कळेल. शेवटी सात सीट तिच्यासाठीच तर हव्यात.