अर्दित, अल्ट्रासाऊंड आणि पहिले बहात्तर तास

सांधेदुखी व मानदुखीसाठी वापरले जाणारे अल्ट्रासाऊंडचे उपचारयंत्र आज अनेक चिकित्सालयांत आहे. त्याच ध्वनिलहरींनी दुखावलेला फेशियल नर्व्ह पुन्हा वाढीस लागत असेल, तर अर्दिताच्या रुग्णास त्यांचा लाभ का देऊ नये, असा प्रश्न व्यवसायबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या कल्पनेस आधार मुळीच नाही, असे नव्हे. उंदरांच्या सायटिक नर्व्हवरील प्रयोगांत अल्प तीव्रतेच्या लहरींनी मज्जातंतूची पुनर्वाढ वेगाने झाल्याचे आढळले आहे. अस्थिभंग लवकर सांधावा म्हणून अशा लहरींच्या यंत्रास अमेरिकेत १९९४ साली मान्यताही मिळाली. परंतु १९८८ मधील एका प्रयोगात दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या वॅटने सुधारणा झाली, तर एका वॅटने ती मंदावली. मात्रेचे महत्त्व वैद्यास सांगणे न लगे. मनुष्याच्या फेशियल नर्व्हसाठी ही मात्रा अद्याप ठरलेली नाही आणि डोळ्यावर हे यंत्र वर्ज्यच आहे.

आमची खरी चिंता यंत्राची नसून वाया जाणाऱ्या वेळेची आहे. अपघातात मज्जातंतू तुटला असेल, तर त्याचे पुढील टोक सुमारे तीन दिवसच विद्युत्‌ उत्तेजनास प्रतिसाद देते. शल्यचिकित्सकास ते शोधणे तोवरच सुकर असते. पुढील पुनर्वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीनेच होते. इजा नसताना अकस्मात उद्भवणाऱ्या बेल्स पाल्सीतही हेच बहात्तर तास मोलाचे आहेत. स्कॉटलंडमधील २००७ च्या अभ्यासात या मुदतीत प्रेडनिसोलोन सुरू केलेल्यांपैकी नऊ महिन्यांनी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे झाले. ते न घेतलेल्यांत हे प्रमाण ८२ टक्के होते.

बेल्स पाल्सीचे दहापैकी सुमारे सात रुग्ण उपचाराविनाही बरे होतात. म्हणून केवळ रुग्ण बरा झाला एवढ्यावरून यंत्राने वा आपल्या तेलाने यशाचे श्रेय घेऊ नये. दोहोंस कसोटी एकच हवी.

याचा अर्थ आपली चिकित्सा गौण, असा नव्हे. चरकाचार्यांनी अर्दितात नस्य, मूर्धतैल, तर्पण, नाडीस्वेद व उपनाह सांगितले आहेत. निदान निश्चित झाल्यावर त्यांस योग्य स्थान आहेच. सुश्रुताचार्यांनी तर न मिटणारा डोळा हे असाध्यतेच्या लक्षणांत गणले. आज त्या डोळ्याचे रक्षण आपल्या हाती आहे: दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री पापणी चिकटपट्टीने मिटवणे व वेळीच नेत्रतज्ज्ञाचा सल्ला. उघड्या राहणाऱ्या डोळ्याजवळ स्नेहन-स्वेदन करताना विशेष दक्षता हवी.

औषधालयचालकांचे दायित्वही लहान नाही. तोंड वाकडे झाले म्हणून तेल मागणारा प्रथम त्यांच्याच दारी येतो. त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: कधीपासून? मार लागला होता काय? डोळा मिटतो काय? हातापायांत दुर्बलता वा वाणीत जडत्व असेल, तर पक्षाघाताच्या शंकेने रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे.

ध्वनिलहरींचे संशोधन पुढे जावो. आम्ही त्याचे स्वागतच करू. तूर्त मात्र पुनर्वाढीच्या आश्वासनावर यंत्र चालवून शुल्क घेणे आम्हांस वैद्यधर्मास धरून वाटत नाही. नव्या अर्दितात रुग्णास योग्य ठिकाणी वेळेत पोहोचवणे हीच पहिली चिकित्सा होय.