कॅन्सरच्या वॉर्डाला शिकलेल्या सिस्टर हव्यात



लहान मुलांचा कॅन्सर बरा होऊ शकतो, ही गोष्ट आधी मनावर घ्या. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना आणि किशोरांना हा आजार होतो. २०३० पर्यंत त्यांतली निदान ६० टक्के वाचावीत, असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. निदानाला उशीर होतो, उपचार अर्धवट सुटतात, औषधे महाग असतात, मुले दगावण्याची ही कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. खाटेजवळ या कामाचे शिक्षण घेतलेली परिचारिका नसते, हे कारण मात्र कुणी फारसे बोलून दाखवत नाही.

तिचे काम जवळून पाहा. चार वर्षांच्या मुलाच्या हातात शीर सापडणे मुळात कठीण. त्यात केमोची काही औषधे शिरेबाहेर पडली तर आतले मांस जाळतात. म्हणून औषध सोडण्यापूर्वी सुईतून रक्त मागे येते का, हे ती पाहते. औषध जात असताना नजर त्या हातावरून हलवत नाही. जरा सूज दिसली की तिथेच थांबवते. मुलाच्या उंची-वजनावरून काढलेला डोस दुसऱ्या सिस्टरकडून पडताळून घेते. पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला रात्री दोन वाजता ताप भरला, तर तासाभराच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. त्या वेळी तिथे जागी असते ती सिस्टरच. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार अनेकदा दोन-अडीच वर्षे चालतात. एवढ्या काळात थकलेल्या आईबापांना धीर देऊन पुढच्या तारखेला परत आणणारीही बहुतेक वेळा तीच असते.

मुंबईत परळला १९२९ पासून वाडिया बाल रुग्णालय आणि १९४१ पासून टाटा मेमोरियल आहे. देशभरातून माणसे तिथे येतात. पण प्रत्येक मूल परळला पोहोचू शकत नाही. नागपूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर इथल्या कॅन्सर रुग्णालयांतही तयार हात लागतात, आणि जिल्हा रुग्णालयांतही.

या कामाचे शिक्षण उपलब्ध आहे. नोंदणीकृत परिचारिकांना ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. एम. एस्सी. नर्सिंगला बालआरोग्य हा विशेष विषय घेता येतो. कॅन्सरच्या वॉर्डाची ओढ असलेल्या मुली आणि मुलगे दर बॅचमध्ये दिसतात. नर्सिंग शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. अडते ते पैशापाशी. राज्य सरकारने २०२४ मध्ये, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. या सवलतीचा लाभ आधी घ्यावाच. पण हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तके, प्रवास यांचा खर्च उरतोच. आणि नोकरी करणाऱ्या सिस्टरने वर्षभर पगार सोडून डिप्लोमा करायचा, तर तिच्या घरची चूल कशी पेटणार?

म्हणून ही कळकळीची विनंती.

गणेशोत्सव मंडळे, पतसंस्था, साखर कारखाने आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनो, यंदाच्या खर्चातून एका विद्यार्थिनीचे संपूर्ण वर्ष उचला. रक्कम थेट कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या खात्यात भरा आणि पावती घ्या.

रुग्णालयांच्या चालकांनो, दरवर्षी निदान एका परिचारिकेला भरपगारी रजा देऊन बालरोग किंवा कॅन्सर नर्सिंग शिकायला पाठवा. परतल्यावर तिला त्याच विषयाच्या वॉर्डात नेमा. शिकून आलेल्या सिस्टरला भलत्याच विभागात फिरवले, तर तिचे शिक्षण वाया जाते.

परदेशातील महाराष्ट्र मंडळांनो, आपल्या गावाजवळचे एखादे नर्सिंग कॉलेज निवडा आणि शिष्यवृत्ती एका वर्षापुरती न देता अभ्यासक्रम संपेपर्यंत चालू ठेवा.

एकट्याला संपूर्ण खर्च झेपत नसेल, तर दहा जणांनी मिळून उचला. निवड करताना केवळ गुण पाहू नका. घरची परिस्थिती आणि या कामाची ओढ, दोन्ही पाहा. मदतीच्या बदल्यात तिच्यावर जाचक अटी लादू नका.

प्रवेशाच्या याद्या लागल्या की फी भरायला हातात मोजके दिवस असतात. तेवढ्यात पैसे जमले नाहीत, तर मिळालेली जागाही सोडावी लागते. तेव्हा याच आठवड्यात जवळच्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा : बालरोग किंवा कॅन्सरच्या वॉर्डात काम करू इच्छिणारी, पण पैशामुळे अडलेली विद्यार्थिनी कोण आहे? नाव कळले की उशीर लावू नका.